दार पुसायला कोण येणार

स्कारबरोतल्या कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन आमच्या घरमालकीणबाईंचं नुसतं नाव घ्यावं, समोरचा माणूस खुर्चीत ताठ बसणार, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगतो. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी काही वर्षं भाड्यानं राहिलो. नागपूरहून नोकरीसाठी नुकताच या परक्या देशात आलो होतो, थंडीनं आणि एकटेपणानं पार गारठलो होतो. माझं आडनाव त्यांनी फोनवर ऐकलं होतं. स्वेटरवर स्वेटर घातलेल्या त्या ठेंगण्या बाईंनी दार उघडलं आणि सरळ मराठीत विचारलं, "मासे खातोस का?" मी नाही म्हणालो. "मग शिक," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या दिवसापासून त्या माझ्या मावशी झाल्या.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. अलिबागकडच्या एका खेड्यात त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पुढे त्या मुंबईत नर्स झाल्या, मग नवऱ्याबरोबर इकडे आल्या. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी विंडसरला राहायला गेला, आणि मावशींना सरकारकडे लक्ष द्यायला भरपूर वेळ मिळाला. रस्त्यावर कुठे काही बिघडलं की त्या फोन उचलत. बर्फाच्या गाडीनं ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढीग टाकला, फोन. बसस्टॉपवरचं बाक मोडलं, फोन. समोरच्या खांबावरचा दिवा रात्री उगीच लुकलुकतो, फोन. त्यांचं म्हणणं एकच, "आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? आणि कळलं की करायलाच हवं, नाहीतर ते तिथे बसलेत कशाला?" शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवार संपेपर्यंत त्या फोनला हात लावत नसत. सरकारी कचेऱ्यांना शनिवारी सुटी असते हा निव्वळ योगायोग असेल असं मला कधी वाटलं नाही.

एकदा कोपऱ्यावरचा सिग्नल त्या रस्ता ओलांडायच्या आत लाल व्हायला लागला. कंप्लेंट केली, उत्तर आलं की सिग्नल नियमाप्रमाणेच आहे. मावशींनी भागातल्या नगरसेवकालाच बोलावून घेतलं, ग्रोसरीच्या दोन जड पिशव्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "चल, आता माझ्या पायानं चाल." तो बिचारा त्यांच्या शेजारून मुंगीच्या पावलांनी निघाला आणि अर्ध्या रस्त्यातच दोन्हीकडच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. पुढच्याच आठवड्यात सिग्नल बदलला. मावशींनी त्याला घरी बोलावून मलिदा खायला घातला. मलिदा म्हणजे नारळ आणि साखर घालून भिजवलेले पोहे, वर फळं. नवस फेडायला त्यांच्याकडे तो करतात. नगरसेवकाला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं दोनदा मागून घेतला.

मावशींची भाची पॅरिसच्या बाहेरच्या एका गावात राहायची. आईविना वाढलेली ही पोर मावशींनीच सांभाळलेली. तिथल्याच एका ज्यू मुलाशी लग्न करून ती फ्रेंच झाली होती, पण फोनवर मावशीशी अजून अलिबागचं मराठी बोलायची. त्या वर्षांत फ्रान्समध्ये ज्यूंना त्रास देण्याच्या बातम्या वाढत चालल्या होत्या. कुठे शाळेची काच फुटायची, कुठे सिनेगॉगला, त्यांच्या प्रार्थनामंदिराला, आग लागायची. मावशी टीव्हीवर ते बघत आणि रिमोट उचलून टीव्ही बंद करत. मग एका सकाळी भाचीचा फोन आला. तिच्या फ्लॅटच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं घाणेरडं काहीतरी लिहून ठेवलं होतं, आणि चौकटीला बाहेरून लावलेली मेझुझा, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेली छोटी डबी, उपटून जिन्यात फेकली होती. पोलीस येऊन पाहून गेले, टवाळ पोरांचं काम आहे म्हणाले. दार भाचीनं स्वतःच घासलं. डबी तिनं आता दाराच्या आतल्या बाजूला लावली होती.

मावशींना सगळ्यात जास्त लागलं ते तिनं स्वतः दार घासलं याचं. "लिहिणारी पोरं असतील रे," त्या मला म्हणाल्या, "पण पुसायचं काम कुणाचं? जिच्या दारावर लिहिलं तिचं?" त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना फोनसमोर बसून नंबर न फिरवता राहिलेलं पाहिलं. फ्रान्सचं सरकार कुठल्या नंबरवर भेटतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी त्या ताटभर मलिदा घेऊन बेसमेंटमध्ये आल्या. ताट माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "तिला इकडे आणते म्हणतेय. नवरा, मुलगी, सगळ्यांना. आल्या आल्या कुठे राहतील ती?" मी म्हणालो, "मावशी, मी तसाही कॉन्डोमध्ये फ्लॅट बघतोय." मी काही बघत नव्हतो, त्यांनाही ते कळलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जायच्या आधी मला डाउनटाउनला घेऊन चल."

डाउनटाउनला फ्रान्सच्या वकिलातीचं ऑफिस होतं. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "आमच्या गावात गणपती नेताना ढोलवाले आमच्या सिनेगॉगपुढे हात थांबवायचे. पुढे गेले की परत वाजवायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मला वाटायचं जगात असंच असतं. मोठी झाले तेव्हा कळलं, नसतं."

वकिलातीत एक तरुण अधिकारी भेटला, अगदी अदबीनं बोलणारा. मावशींनी त्याला नर्सच्या इंग्रजीत, पेशंटची हकीकत सांगावी तसं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या सरकारचा कुणीतरी माणूस त्या दाराशी जायला पाहिजे. पुसायला."

"मॅडम, दार आता स्वच्छ झालंय ना?"

"मग बघायला जाऊ दे."

"आमचं सरकार अशा गोष्टींचा निषेध करतंच," तो म्हणाला.

"टीव्हीवर करतं," मावशी म्हणाल्या. "जिन्यात करत नाही. शेजाऱ्यांना काय दिसतं? एका बाईच्या दारावर लिहिलं आणि तिनं ते घासलं. बस. सरकारचा माणूस तिथे उभा राहिला तर त्यांना कळेल की ही बाई सरकारची पण आहे."

त्यानं वही पुढे ओढली. मग भाचीचं नाव, गाव आणि पत्ता विचारून टिपून घेतला. "मी कळवतो," तो म्हणाला. "कुणी जाईलच असं वचन मात्र मला देता येणार नाही."

"वचन नको. कळव," मावशी म्हणाल्या. निघताना त्यानं त्यांचा जाडजूड कोट मागून धरला, बाही सापडेपर्यंत धरून राहिला.

मी कॉन्डोत राहायला गेलो. मावशींनी बेसमेंटला नवा रंग दिला, भाचीच्या मुलीसाठी लहान पलंग आणला. हिवाळा जवळ आला तसा एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. भाचीच्या गावचा महापौर तिच्या घरी आला होता. लिफ्ट बंद म्हणून धापा टाकत जिना चढून आला, दाराशी उभा राहिला, आणि मजल्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांना बाहेर बोलावून म्हणाला की हे घर आपल्या गावाचं आहे आणि या दाराला कुणी हात लावला तर त्याची गाठ माझ्याशी आहे. समोरच्या म्हाताऱ्या बाई, ज्या इतके दिवस नजर चुकवत होत्या, दुसऱ्या दिवशी केक घेऊन आल्या. हे मावशींच्या सांगण्यामुळे झालं की तिकडे निवडणूक जवळ आली होती म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मावशींना त्याबद्दल शंका नव्हती.

पण त्याच फोनवर भाचीनं त्यांना आणखीही एक सांगितलं होतं. ते लोक येणार नव्हते. "म्हणते, मावशी, आता तर मुळीच नाही येणार. हे माझं घर आहे, मी का जाऊ." आणि पुढे स्वतःच म्हणाल्या, "बरोबरच बोलली. मीच शिकवलंय तिला असं बोलायला." आणि मग त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, कांद्याचा भाव, विंडसरच्या नातवाची परीक्षा, पण फोन ठेवेनात.

जानेवारीत मी त्यांच्याकडे गेलो. दारातला बर्फ शोव्हलनं उपसून झाल्यावर काही सामान ठेवायला खाली बेसमेंटमध्ये उतरलो. त्यांनी ते कुणालाच भाड्यानं दिलं नव्हतं. लहान पलंगावर धुतलेली चादर अंथरलेली होती, उशाशी एक नवी कोरी रजाई होती, आणि खोली छान उबदार होती. मी वर येऊन म्हणालो, "मावशी, खाली हीटर चालू राहिलाय." त्या चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहितीये मला. तिला यावं लागू नये असंच मागते रे मी देवाकडे. पण यावं लागलंच, तर गार खोलीत नको यायला."