विमानातली गुणगुण

स्वतःच्याच कामावर नापासाची फुली मारून वर स्वतःलाच रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे घरमालक. नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान बांधत होते. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं खरंखुरं. मी हरसूलहून इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आलेला, आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. खोली बघायला गेलो, तर भिंतीला विमानाचा उजवा पंख टेकवून ठेवलेला. "शेडमध्ये मावत नाही," काका म्हणाले. "तुला अडचण नाही ना?" शहरातल्या माणसाला नाही म्हणायला मी अजून शिकलो नव्हतो. डिप्लोमाची सगळी वर्षं मी त्या पंखाशेजारी झोपलो. एकदा माझे वडील तांदूळ घेऊन आले. बराच वेळ पंखाकडे बघत बसले आणि हळूच म्हणाले, "मानूस बरा हाय ना रं? नाय, डोक्यानं म्हनतो मी."

काका सातपूरच्या एका कारखान्यात पंपाची डिझेल इंजिनं तपासायचे. तिथून ते निवृत्त झाले, पण त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नाही. खिशात लाल खडूचा तुकडा कायम असायचा आणि जे पसंत पडलं नाही त्यावर फुली पडायची. भोपळ्यावर फुली, नव्या चपलेवर फुली, शेजाऱ्यांनी घातलेल्या भिंतीवर फुली. काकूंची पोळी ते उजेडापुढे धरून बघत. "कडेला जाड आहे." काकू म्हणत, "फुली मारा नि खा." मी परीक्षेला निघालो की मला दारात उभं करून एक गोल चक्कर मारायला लावत. एकदा कॉलेजात पोचल्यावर कळलं की शर्टाच्या पाठीवर फुली आहे. मागच्या बाजूला इस्त्री नीट झाली नव्हती.

कारखान्यातला त्यांचा एक नियम होता. ज्यानं काम केलं, त्यानं ते तपासायचं नाही. आता शेडमध्ये काम करणारे तेच, तपासणारेही तेच. यावर त्यांनी उपाय काढला होता. सकाळी बनियनवर बसून वायरिंग करायचं. दुपारी जेवून झोपायचं. मग अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या फाटकातून पाहुण्यासारखं आत यायचं. "हे काम कोणी केलंय?" असं कपाळाला आठ्या घालून ते विचारत.

"तुम्हीच. सकाळी," काकू तांदूळ निवडता निवडता सांगत.

"त्याला म्हणावं, उद्या सगळं उसवायचं."

बाकी विमान केव्हाच पास झालं होतं. अडलं होतं ते इंटरकॉमपाशी. इंजिनाच्या घरघरीत मांडीला मांडी लावून बसलेल्यालाही बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघांच्या कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक आणि मधे ही इंटरकॉमची डबी. काकूंचं माहेर लासलगावचं. विमानाची पहिली फेरी लासलगाववरून, असा काकांनी त्यांना शब्द दिला होता. "वर गेल्यावर ही काहीतरी म्हणणार. ते मला ऐकू आलं नाही तर उडून उपयोग काय?" म्हणून आधी इंटरकॉम, मग पंख, मग परवाना. काकूंनी त्या फेरीसाठी एक स्वेटरही विणून ठेवला होता. वर थंडी असते म्हणे.

आणि हेडफोनमध्ये गुणगुण येत होती. वायरचं अर्थिंग चुकून दोन ठिकाणी झालं की अशी गुणगुण येते, हे मी नुकतंच शिकलो होतो. भीत भीत तसं सांगितलं. काकांनी सगळी अर्थिंग सोडवून एकाच बोल्टवर आणली. गुणगुण तशीच. माइकच्या वायरीवर जाळीचं वेष्टण चढवलं. तशीच. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर संशय घेऊन वीज गेल्यावर ऐकून पाहिलं. तशीच. मला मात्र कधी काही ऐकू आलं नाही. पण काका इतके खात्रीनं सांगत, की मला वाटे, माझेच कान अडाणी. मीही मान डोलवायचो. डबीवर इतक्या फुल्या झाल्या होत्या, की तिचा मूळ रंग आठवेना.

शेवटच्या वर्षातल्या एका रविवारी, डबी पुन्हा खोलण्याआधी मी बॅटरीची वायर काढली आणि काकांच्या हेडफोनची पिनही उपसली. काका वैमानिकाच्या जागी डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "हं. आली बघ. घुंऽऽ. आज जरा जास्तच आहे."

पिन माझ्या हातात होती.

दारात काकू चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नकोस अशी. पण काकांनी डोळे उघडले. शेवटी ते तपासनीसच. त्यांची नजर माझ्या हातावर आली, तिथून बॅटरीवर गेली. त्यांनी हेडफोन काढला, घातला, परत काढला.

"कारखान्यात इंजिनाच्या टेस्टिंगला सगळे कानात बोळे घालायचे," ते म्हणाले. "मी म्हणायचो, मग इंजिन काय म्हणतंय ते कळणार कसं?" मग हेडफोन मांडीवर ठेवून म्हणाले, "परवान्याला डॉक्टर कान तपासतात रे. तिथं तपासायला मी असतो, तर या माणसाला पास केलं नसतं."

त्यांनी खिशातला खडू काढला आणि अगदी नेमकेपणानं, आरशाशिवाय, स्वतःच्या कानामागे फुली मारली.

नंतर स्वयंपाकघरात मी काकूंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? "पंखा बंद असताना पंखा बंद कर म्हणायचे. मला कळणार नाही होय?" मग सांगितलं का नाही? काकू पातेलं घासत राहिल्या. "दोष वायरीत होता तोवर विमान उडणार होतं ना," त्या म्हणाल्या.

पंख कधी लागले नाहीत. माझ्यानंतर आलेला विद्यार्थीही उजव्या पंखाशेजारीच झोपला. नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा घरात कोणी दिसेना. मागे गेलो तर दोघं विमानात, हेडफोन लावून. काकूंच्या अंगात तो स्वेटर, भर एप्रिलात. मी दारातच थांबलो.

"मार्केट यार्ड आलं," काकू माइकमध्ये सांगत होत्या. "केवढी ट्रॅक्टरची रांग! कांदाच कांदा. आमची गल्ली बघा, डावीकडे. दिसली?"

काकांनी डावीकडच्या पत्र्याकडे वाकून पाहिलं.

"दिसली," ते म्हणाले. "बोल तू. आवाज स्वच्छ येतोय."