गाडीत वाळलेला ऊस

माझं माहेर कऱ्हाटीचं, जिरायती. लग्न होऊन बारामती-इंदापूर वाटेवरच्या कालव्याकाठच्या गावात आले, तेव्हा एवढा ऊस मी पहिल्यांदा पाहिला. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, माझे यजमान आणि मी. सासऱ्यांना अख्खा गाव आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणायची.

मळ्यात आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. बैलांनी ओढायचा लोखंडी चरक, मोठी काहील आणि तिच्याखाली चुलाण. ऊस पुंड्या, मऊ, दातानंही सोलता येईल असा. वाऱ्यानं रानाचा एखादा तुकडा आडवा झाला, तर तो आधी तोडायचा. उंदरांनी कुरतडलेल्या उसाची ढेप नीट बसत नसे, मग त्याची काकवी करायची. बैल लंगडला की शेजारचा जुंपायचा. एकदा काहील तडकली, तर कन्हेरीच्या पाहुण्यांची मागून आणली आणि आमचं आटपल्यावर धुऊन परत पोचवली. घरात कार्य निघालं तर चुलाण विझवायचं. ऊस रानात उभाच असायचा, तो काही पळून जात नसे.

मग इंदापूरच्या बाजूला साखरेचा कारखाना उभा राहिला. त्यांचा माणूस गावोगाव फिरून बेणं देऊ लागला. नव्या जातीचा ऊस उंच, ताठ, वाऱ्याला न हलणारा, पण वेळूसारखा कठीण. लावायचा त्यांनी सांगितलेल्या वेळी, तोडायचा त्यांचा निरोप आल्यावर.

आबांनी त्या माणसाला विचारलं, "ह्यो आमच्या चरकात जाईल का?"

"चरक कशाला लागतोय आता, आबा? तुम्ही फक्त गाडी भरायची."

ह्यांना ते पटलं. धुरात बसून ह्यांचे डोळे कायम लाल असत.  आठवड्यानं एके सकाळी आबा स्वतःच म्हणाले, "लावा. समद्यांनी लावला, आपून एकट्यानं काय करायचं?" तो उन्हाळा सरायच्या आत चरक वडगाव निंबाळकरच्या एका बागाईतदाराला देऊन टाकला. काहीलही गेली. चुलाण बुजवून ह्यांनी तिथं कडब्याची गंज रचली.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात निरोप आला, आम्ही तोड घेतली, दोन गाड्या भरल्या. एक हे हाकत होते, दुसरी आबा. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन मी गावातल्या एका गाडीतून गेले, तर कारखान्याच्या अलीकडं बऱ्याच लांबपर्यंत गाड्या उभ्या. बैल सोडलेले, माणसं गाड्यांच्या सावलीत बसलेली. धुराडं होतं, पण धूर नव्हता.

"लाट मोडली म्हनं," हे म्हणाले. "ऊस पिळायची मोठी लाट. मुंबईस्नं नवी यायचीय."

"मग दुसऱ्या लाटंवर घ्या म्हनावं," मी म्हटलं.

"समद्या एकीमागं एक हायत्या. पयलीच मोडली तर पुढच्यांनी काय खायाचं?"

आबा फाटकावर गेले. मी पाठीमागं होते. आतून एक तरुण साहेब आला, कोकणातला असावा, शर्टाच्या बाह्या काळ्या झालेल्या. त्यानं आबांना बसायला सांगितलं, आबा बसले नाहीत.

"साहेब, निम्माशिम्मा तरी चालू करा. थोडा थोडा घ्या."

"आजोबा, हे थोडं थोडं चालत नाही. चाललं तर सगळं, नाही तर काहीच नाही. आतला रसही टाक्यांत नासतोय. मी तरी काय करू, सांगा."

तो खोटं बोलत नव्हता. दोन-तीन रात्रींत त्याला झोप नसावी. आबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि आल्या वाटेनं फिरले. भांडायला कुणी सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

ऊस उन्हात वाळत होता. टोकं तांबडी पडली, मोळ्यांना आंबूस वास सुटला. आबा म्हणाले, एक गाडी वडगावला नेऊ, आपलाच चरक आहे, तो काय नाही म्हणतोय. हे दुसऱ्या गाडीपाशी राहिले. मोळ्या सोडायला हात हवा म्हणून मी आबांबरोबर गेले.

बागाईतदार भला माणूस. त्याचा स्वतःचा ऊस चरकाला लागलेला होता, तरी त्यानं बैल थांबवले. "घाला आबा, तुमचाच हाय," म्हणाला. आबांनी स्वतः दोन कांडी लाटांत सरकवली. बैलांनी मान घातली, चरक करकरला, अर्धं कांडं आत जाऊन अडकलं. बैल गुडघ्यावर आले. मग आबांनी ती ओढून काढली आणि फक्त एकच कांडं लावून पाहिलं. आत काहीतरी कट्‌दिशी वाजलं आणि चरक थांबला. वरच्या चाकाचा दात गेला होता.

 काहिलीत त्या घरचा रस उकळत होता आणि पुढचा यायचा बंद झाला होता. आबांनी चाकाला हात लावला, काढून घेतला.

"म्या दुरुस्त करून देतो," आबा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. बारामतीला लोहार हाय. तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?"

त्यानं मला चहा दिला. तो तसाच ठेवून मी मोळ्या पुन्हा गाडीत चढवू लागले.

आम्ही परत रांगेत आलो. नंतर केव्हातरी नवी लाट बसली आणि कारखान्याचा भोंगा वाजला. माणसं धावत बैल जुंपू लागली. आमची पाळी आली तेव्हा वजन करणाऱ्यानं मोळी उपसून पाहिली, मोडली, वास घेतला.

"हा घेता येत नाही. ताजा तोडून आणा, आजच्या आज घेतो."

"ह्यो तुमीच तोडाय लावला," हे म्हणाले.

"खरंय. पण गाळता येत नाही त्याला मी काय करू?"

ताजा आणायला गाड्या मोकळ्या हव्या होत्या. म्हणून आम्ही तिघांनी मिळून तो सगळा ऊस रस्त्याच्या कडेला उतरवला. मागच्या गाडीवाल्यांनीही तेच केलं. ह्यांनी मोळ्या फेकल्या, आबा मात्र एकेक उचलून नीट रचत होते, विकायला लावल्यासारख्या. मी म्हटलं, "आबा, टाका की." त्यांनी ऐकलं नाही. एक म्हैस येऊन हुंगून गेली, तिनं तोंड लावलं नाही.

त्या दिवशी आम्ही उरलेला ऊस तोडला आणि तो घेतला गेला. पुढच्या लागणीला कारखान्याचा माणूस बेणं घेऊन दारात आला. हे आबांकडं पाहू लागले. आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. वर न पाहता म्हणाले, "उतरवा, गोठ्याकडंला." मी गोठ्याच्या कडेची जागा झाडायला गेले.