तंतोतंत जोडी

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात विश्वंभर ठोंबऱ्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. डब्यांखालच्या स्प्रिंगा प्रेसमध्ये दाबायच्या, वजनाखाली उंची मोजायची आणि तंतोतंत जुळणाऱ्या दोन स्प्रिंगांची जोडी लावायची. दोन-चार मिलिमीटरचा फरक आला की स्प्रिंग बाद. साहेब डोक्यावर उभा राहून ओरडला तरी बाद. माणूस तसा हेकटच. पण त्यांनी पास केलेली एकही स्प्रिंग कधी परत आली नाही, आणि हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, ऐकवत.

ऐकत नव्हता तो फक्त त्यांचा मुलगा. पीयूषचं कारेलीबागेत गॅरेज होतं. हौशी लोकांच्या गाड्या बसक्या करून देण्यात त्याचं बडोद्यात नाव झालं होतं. निवृत्तीनंतर विश्वंभर रोज तिथे जाऊन बसत आणि काही सुचवलं की एकच उत्तर मिळे, बाबा, ही रेल्वे नाही. हे त्यांच्या फार जिव्हारी लागे. एकदा तरी त्याने मला विचारावं गं, असं ते बायकोला, सुनंदाबाईंना, जेवताना सांगत.

मग विक्रमसिंह नावाच्या एका गिऱ्हाइकाची गाडी आली. लाल, रुंद, परदेशी मसल कार. ती खाली आणायला त्याने स्प्रिंगांचे दोन सेट मागवले होते. एकाने गाडी इंचभर खाली येणार, दुसऱ्याने दोन इंच. विक्रमसिंहला गाडी जमिनीला टेकल्यासारखी हवी होती, पीयूषचं मन एका इंचावर होतं. तीन दिवस नुसता घोळ. शेवटी कंटाळून म्हणा की आणखी कशाने, पीयूष वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही निवडा."

अहो, माणसाला आनंद तरी किती व्हावा! विश्वंभरांनी चष्मा पुसला आणि दोन्ही सेट गॅरेजातल्या प्रेसला लावले. इंचवाल्या सेटमधल्या मागच्या दोन स्प्रिंगांत चार मिलिमीटरचा फरक निघाला. बाद. दोन इंचवाल्या जोडीत मात्र केसाइतकाही फरक नव्हता. ह्याच घाल, असं त्यांनी सांगून टाकलं. विक्रमसिंह तर बराबर छे काका, बराबर छे, करत पायाच पडला. पीयूषनेही मान डोलावली.

बसवताना गाडी वर उचललेली होती, मागची चाकं लोंबत होती. स्प्रिंग आपल्या खोबणीत हाताने गोल फिरत होती. पीयूष थांबला, सैल लागतेय म्हणाला.

"वजन आलं की बसेल," विश्वंभर म्हणाले.

रेल्वेचा डबा रुळावरून उडत नाही. त्याच्या स्प्रिंगेवरचं वजन कधी उतरत नाही. चाक खाली लोंबलं तर तिथवर पुरेल एवढी स्प्रिंग लांब आहे का, हा प्रश्न एकतीस वर्षांत त्यांच्यापुढे आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीयूष गाडी घेऊन कोयलीच्या रस्त्याला ट्रायलला गेला. पुलाच्या माथ्यावर गाडी वेगात उचलली गेली, मागची चाकं लोंबली आणि आखूड स्प्रिंग निसटून रस्त्यावर पडली. गाडी आडवी होऊन दुभाजकावर आदळली. पीयूषचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय चौतीस.

विश्वंभरांनी ती स्प्रिंग गॅरेजात आणून पुन्हा प्रेसला लावली. उंची बरोबर होती. मिलिमीटरचाही फरक नाही. मग त्यांनी उचललेल्या दुसऱ्या एका गाडीचं लोंबतं चाक पाहिलं, तिच्या स्प्रिंगेला हात लावला. ती घट्ट होती. चार मिलिमीटर कमीजास्त असलेली ती इंचवाली जोडी जागची हलली नसती.

सगळं सांगायचं, असं ठरवूनच ते दवाखान्यात गेले. पीयूष जागा होता. सुनंदाबाई उशाशी बसल्या होत्या.

"बाबा, मीच नीट बसवली नसणार," तो म्हणाला. "तुमची निवड बरोबर होती."

विश्वंभरांनी तोंड उघडलं. हे ऐकायला त्यांचा जीव वर्षानुवर्षं आसुसलेला होता, आणि मेल्या जिवाला ते आत्ताही गोड लागलं. लाज वाटली, तरी गोड लागलं.

"हं," ते म्हणाले. "बसवताना लक्ष द्यायला हवं होतंस."

पीयूषने डोळे मिटून मान हलवली.