घोड्याचे कोरडे पाय

स्टुडिओत तिला सगळे भिंगताई म्हणायचे. सतरा वर्षं तिने सिनेमातल्या नको त्या गोष्टी पुसल्या होत्या. उडी मारणाऱ्या नायकाच्या कमरेची तार, आरशात दिसणारा कॅमेरावाला, राजवाड्यामागून डोकावणारा मोबाइलचा टॉवर. काम नीट झालं की ते कुणाला दिसायचंच नाही, आणि त्यातच तिला समाधान होतं. पुढे उजवं मनगट असं धरलं की चहाचा कपही उचलवेना. नोकरी सोडून ती आईजवळ राहायला आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून छोटे व्हिडिओ करू लागली. नवा ट्रेलर आला की तो थांबवत थांबवत सांगायची, ही आग खरी का वाटते, ही गर्दी खोटी का वाटते. बघणारे सात-आठशे, त्यातले बहुतेक हेच काम शिकणारे.

मग त्या बड्या नटाचा ट्रेलर आला. चाहते त्याला 'सरकार' म्हणत. तिचा धाकटा भाऊ तर शाळेपासूनचा भक्त. शाळेची बस चालवायचा आणि स्टिअरिंगशेजारी सरकारांचा फोटो लावायचा. ट्रेलरमध्ये सरकार घोड्यावरून पूर आलेली नदी ओलांडत होते.

"पाणी घोड्याच्या पोटापर्यंत आलंय," तिने व्हिडिओत सांगितलं, "पण काठावर आल्यावर पाय बघा. ठणठणीत कोरडे. स्वाराची सावली एकीकडे, घोड्याची दुसरीकडे. यात काम करणाऱ्यांचा दोष नाही हं. घाई करायला लावलीय त्यांना. वेळ द्या, हेच हात हे सुंदर करून दाखवतील."

कुणीतरी शेवटची तीन वाक्यं कापली आणि उरलेलं सगळीकडे फिरवलं. दोन दिवसांत लाखो लोकांनी ते पाहिलं आणि चाहत्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'आधी एक घोडा काढून दाखव.' 'कुणाची सुपारी घेतलीस?' 'सरकारांच्या पायाची धूळ तरी आहेस का?' एकाने तर घराचा पत्ताच टाकला. वेळी-अवेळी बेल वाजायची, दार उघडलं की जिन्यावरून पळणाऱ्यांचं हसू ऐकू यायचं. किराणा दुकानदारसुद्धा साबण पिशवीत टाकता टाकता म्हणाला, "ताई, चांगल्या माणसाच्या मागे कशाला लागलात?"

"मी घोड्याबद्दल बोलले हो," ती म्हणाली.

"तेच ते."

शिव्या ती वाचायची आणि सोडून द्यायची. पण एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं. 'ही लहानपणी तिरळी होती, अजूनही हिला सगळं तिरकंच दिसतं.' चौदाशे लोकांना ती ओळ आवडली होती.

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन सातव्या वर्षी झालं होतं. ते ठाऊक असणारी माणसं आता दोनच उरली होती, आणि आईला फोनवर लिहिता येत नव्हतं.

रविवारी भाऊ आईची औषधं घेऊन आला. तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"हे तू लिहिलंस?"

त्याने नाही म्हटलं असतं, तर तिने मानलंही असतं. तो म्हणाला, "ग्रुपवर सगळे विचारत होते, तुझीच बहीण ना ती? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू."

"म्हणून माझा डोळा काढलास?"

"एकच ओळ लिहिली, ताई. लोकांनी काय काय लिहिलंय!"

आई आतून विचारत होती, कशावरून भांडताय. त्याने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि तो निघाला.

आठवड्याने जुन्या मैत्रिणीचा फोन आला. स्टुडिओत वर्षानुवर्षं दोघींनी शेजारी बसून काम केलं होतं. तो घोडा तिच्याच टीमकडे होता. निर्मात्याने बाहेर सगळ्यांना सांगितलं की ट्रेलरमध्ये काहीच खोट नाही, आणि आत गुपचूप सगळे प्रसंग परत करायला लावले.

"वेळ द्या म्हणालीस ना? दिला. सहा आठवडे. आणि खापर फोडायला आमच्यातली निम्मी माणसं काढून टाकली. उरलेल्यांनी दुप्पट राबायचं."

"मी तुमच्याच बाजूने बोलले होते गं."

"माहितीय. पूर्ण व्हिडिओ बघितला मी. तुझा शब्द न् शब्द खरा होता. पण आता फोन करू नकोस मला, काही दिवस तरी."

ते 'काही दिवस' अजून संपलेले नाहीत.

सिनेमा लागला तेव्हा आईने गळ घातली, "भावाने तिकिटं आणलीत, जा गं, मिटवून टाका." ती गेली. पडद्यावर घोडा नदीतून बाहेर आला. पाय ओलेचिंब, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही सावल्या एका बाजूला. इतकं देखणं काम तिने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. भावाने तिला कोपराने ढोसलं.

"बघितलंस? काय वाईट होतं यात? उगाच नावं ठेवलीस."

"आता पाय ओले केलेत त्यांनी."

"पहिल्यापासून ओलेच होते," तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता; त्याला खरंच तसं आठवत होतं.

मध्यंतरात तो खायला काही आणायला गेला. ती उठली आणि चालत घरी आली. आईने विचारलं, कसा होता? "छान होता," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

व्हिडिओ तिने काढून टाकला नाही. नवा मात्र केला नाही. शिकणाऱ्यांपैकी काही जण अधूनमधून विचारतात, पुढचा कधी? भाऊ दर रविवारी औषधं घेऊन येतो. ती दार उघडते, पिशवी घेते, गोळ्या मोजून डबीत भरते, आणि तो जाईपर्यंत आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसते.