मामांचा फिरकीचा तांब्या

ब्रह्मदेवाने माणसं घडवताना ओळंबा एकदाच वापरला, तो आमच्या थोरल्या मामांना घडवताना. त्यानंतर तो त्याच्या हातून हरवला असावा. मामा तार खात्यात इन्स्पेक्टर होते. वऱ्हाडात ज्या खासगी टेलिफोनच्या तारा सरकारी परवान्यावर चालत, त्यांचे मालक परवान्याच्या अटी पाळतात की नाही हे पाहणं त्यांचं काम. पण हे काम त्यांच्या अंगात असं मुरलं होतं की लग्नाच्या पंगतीतही ते सुटत नसे. व्याह्यांच्या पानावर तूप धारेने आणि शेवटच्या पानावर थेंबाने पडताना दिसलं की मामा हातातला घास खाली ठेवत. "काहो, तूप तेच हाय ना? मंग हात कावून बदलला?" देवळात पुजाऱ्याने ओळखून पुढे बोलावलं, तर ते मुद्दाम रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत. आणि ज्याची तक्रार आपल्यापुढे येईल अशा कोणाच्याही घरचं पाणी ते पीत नसत. अंजनगाव सुर्जीत त्यांचं बिऱ्हाड होतं, आणि तिथे आज ना उद्या कोणाचीही तक्रार येण्यासारखी होती. म्हणून भर वैशाखातही फिरकीचा तांब्या काखोटीला मारून ते गावभर हिंडत. मामी म्हणत, "माह्या हातचं पानी पेतात, हेच माहं नशीब. माही तक्रार अजून अर्जावर आली नाही ना!"

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतो आणि सुट्टीत मामांकडे येऊन राहत असे. खिशात पत्रकं आणि डोक्यात वणवा. परक्या सरकारची नोकरी करणारा प्रत्येक माणूस मला जुलमाचा हमाल वाटे आणि मामांना मी ते तोंडावर सांगत असे. मामा शांतपणे म्हणत, "सरकार जाईन लेका. तार राहीन. तिच्यावर पयले कोन बोलन, हे तवाही ठरवाच लागन."

अंजनगाव ते अमरावती अशी एकच तार होती, आणि ती अंजनगावातल्या एका कापसाच्या जिनवाल्या सेठजींच्या मालकीची. परवान्यात अट होती की जो मागेल त्याला, मालकाला लागू त्याच नियमाने, बोलू द्यायचं. प्रत्यक्षात जिनाशेजारच्या टेलिफोनच्या खोलीत केळी-भाजीवाले सकाळी येऊन बसत आणि बोर्डावरचा बाबू सांगे, "लाइन खाली नाही." सेठजींची कापसाच्या भावाची बोलणी संपेपर्यंत ती मोकळी होत नसे. अमरावतीच्या बाजारात आज केळी तुंबली आहेत की कमी पडली आहेत हे न कळताच बैलबंड्या हाकाव्या लागत, आणि पिकलेली केळी काही परत आणता येत नाहीत. अखेर तुळसाबाई नावाची माळीण मामांच्या दारात उभी राहिली. "साहेब, मले लाइन फुकट नोको. पन माह्या आंधी आलेल्या मानसाच्या मांगचा नंबर तरी माहा हाय का नाही?"

मामा दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत जाऊन बसले आणि सकाळभर नुसते पाहत राहिले. मग सेठजींना बोलावणं गेलं. सेठजी तावातावाने म्हणाले, "खांब माझे, तार माझी, बाबू माझा. मग माझं बोलणं मागे का?" मामांनी तांब्याची फिरकी उघडली, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "खांब तुमचे, कबूल. उभे कोनाच्या रस्त्यावर हायेत?" सेठजी खिडकीबाहेर पाहत राहिले. खांबांची रांग सरकारी सडकेच्या कडेने दूरवर गेली होती. हुकूम झाला: जो आधी येईल तो आधी बोलेल, मालकसुद्धा. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून जेवढी क्रांती नव्हती तेवढी त्या एका वाक्यात होती.

हुकमाची शाई वाळली नसेल तोच एका सकाळी मामी पोटाच्या कळांनी जमिनीवर लोळू लागल्या. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, अमरावतीहून मोठे डॉक्टर आले तरच काही होईल. मी आणि मामा टेलिफोनकडे धावलो. आत सेठजी बोलत होते, त्यांच्यामागे तुळसाबाई बसली होती. मामा तिच्यामागे उभे राहिले. हकिकत कळताच सेठजींनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि गोड हसले. "या साहेब, तुम्ही बोला. आपल्या माणसासाठी एवढंही करू नये?"

त्या 'आपल्या माणसा'ने मामांचा चेहरा राख झाला. "नाही सेठजी. तुमचं होऊ द्या." मी ओरडलो, "मामा, मामी तिकडे मरतेय!" मामांचे हात तांब्याची फिरकी लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. सेठजींनी मग कापसाच्या बोंडाबोंडाची खुशाली विचारली. ते उठल्यावर तुळसाबाई म्हणाली, "साहेब, माहा नंबर घ्या." मामा म्हणाले, "सेठचा घेतला नाही, बाई. तुमचा कसा घेऊ?"

तुळसाबाईने कपाळावर हात मारला. "मंग नंबर माहाच ना? मी कोनाशी बोलाव, हे तर तुमच्या हुकमात नाही ना?" आणि मामांनी तोंड उघडायच्या आत ती बाबूवर गरजली, "लाव रे, अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरले!" टेलिफोन म्हणजे दूरचं माणूस, या हिशेबाने ती एवढ्या मोठ्याने बोलली की डॉक्टरांनी ते तारेशिवायही ऐकलं असतं. "इन्स्पेक्टरसायबाची बायको लय बिमार हाय. आता निंघा!" बोलून ती रांगेच्या शेवटी जाऊन बसली. तिची केळी त्या दिवशी भाव न कळताच गेली आणि मातीमोल विकली गेली.

डॉक्टर दुपारी मोटारीने आले, मामी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी हुकमात एक ओळ वाढवली: आजाऱ्याचा निरोप सर्वांच्या आधी. पण तुळसाबाईला ते आभाराचा एक शब्दही बोलले नाहीत. तिचा अर्ज पुन्हा आपल्यापुढे येऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यावरून त्यांच्याशी कितीदा भांडलो! ते ऐकून घेत आणि तांब्यातलं पाणी पीत.

काही वर्षांनी मामा पेन्शनीत निघाले, त्या दिवशी मी अंजनगावात होतो. घरी हार-तुरे ठेवून ते बाहेर पडले. पहिल्यांदाच त्यांच्या काखेत तांब्या नव्हता. उन्हातून चालत ते तुळसाबाईच्या मळ्यावर गेले. ती म्हातारी मोटेपाशी बैल सोडत होती. मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. "बाई, पानी पाजता काय? लय दिवसाची तहान हाय."

तुळसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्याला पदर लावला, आणि मग नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "थांबा साहेब. बैलाईचा नंबर पयला."

मामा केळीच्या सावलीत उभे राहिले आणि बैलांचं पाणी पिऊन होईस्तोवर वाट पाहत राहिले. इतक्या सुखात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.