पांढऱ्या गाडीतली काळी चार

जगात बेसूर असं काही नसतंच, फक्त कुणी ते अजून नीट लावलेलं नसतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत त्यांचं पेट्या दुरुस्तीचं दुकान आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. पण त्यांच्यासमोर हार्मोनियम म्हटलेलं चालत नाही, ते त्यांना एखाद्या आजाराचं नाव वाटतं. भजनी मंडळं, हरिकथा सांगणारे तेलुगू बुवा, जुन्या शहरातले कव्वाल, सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे खोकत येतात आणि गात परत जातात. पण दुकानासारखं कानालाही शटर लावायची सोय देवाने ठेवलेली नाही, ही त्यांची आणि त्यांच्याहून जास्त आमच्या मामींची अडचण आहे. बरकतपुऱ्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी पेटीतल्या पांढरी पाच ह्या सुराच्या किंचित खाली लागते म्हणून त्यांनी तीन शिट्ट्या बदलून आणल्या. शेजाऱ्यांनी नवी बेल बसवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्या दारात हजर. "तुमची बेल जरा उतरलीय. पाच मिनिटांत चढवून देतो." शेजाऱ्यांनी घाबरून आधी दारच लावून घेतलं होतं. आता तेच लोक पाहुण्यांना कौतुकाने बेल दोनदा वाजवायला लावतात. चहाची तऱ्हा तर वेगळीच. कप अर्धा झाला की मामा चमच्याने कपावर हलकेच टिचकी मारतात, एक घोट घेतात, पुन्हा मारतात, आणि मनासारखा षड्ज लागला की तिथेच पिणं थांबवतात. "चाळीस वर्षांत ह्यांनी एक कप चहा पुरता प्यायलेला नाही," असं म्हणत मामी उरलेला षड्ज मोरीत ओततात.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती लग्नाच्या मांडवात. मी साताऱ्याची, हैदराबादचं माणूस तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं. मामांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यावर ते आनंदाने उठले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सून काळी चार आहे!" पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना नंबर असतात, आणि माझ्या बोलण्याचा सूर चौथ्या काळ्या पट्टीवर लागतो एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण माझ्या माहेरच्यांना हे कुठून कळणार? आईचा चेहरा उतरला. माझी मोठी मावशी पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "रंग आमच्या मुलीचा सावळा आहे ते दिसतंय सगळ्यांना, पण ते चार काय?" मिटवता मिटवता जेवणाच्या पंगतीला उशीर झाला. मामांना मात्र आपलं काय चुकलं ते अजूनही कळलेलं नाही. "एवढा साफ सूर होता," ते म्हणतात, "सांगायला नक्को?"

दीड-दोन वर्षांपूर्वी आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. पांढरी, गुळगुळीत. नवऱ्याचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि माझं काम घरून, त्यामुळे गाडी माझ्याच हाती आली. मामांचं दुकान गुरुवारी बंद असतं. त्या दिवशी विद्यानगरहून बरकतपुऱ्याला जायचं, मामा-मामींना घेऊन कुठेतरी फिरून यायचं, असा आमचा नेम ठरला. पहिल्या गुरुवारी मामा पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "कर चालू." मी म्हटलं, "मामा, चालूच आहे." त्यांनी डोळे मिटून कान दिला. मग हळूच म्हणाले, "सत्तर वर्षं ह्या शहरात राहिलो सूनबाई, पण गाडीत बसून शहर ऐकलं नव्हतं." मला वाटलं, झालं, भरून पावले. पण इंजिनाच्या धडधडीने आजवर जे झाकलं होतं ते सगळं आता मामांच्या कानांपुढे उघडं पडलं होतं. गाडी हळू चालताना रस्त्यावरच्या माणसांना कळावं म्हणून मुद्दाम एक घुमणारा आवाज काढते, त्याला मामांनी तंबोरा म्हणून मान्यता दिली. ब्रेक लावताना येणारा हुंकार त्यांना सुरावरून सुरावर घसरणारी मींड म्हणून आवडला. गाडी बंद केल्यावर आत कुठलासा पंप दोन मिनिटं घुरघुरत राहतो. "दमलीय बिचारी," असं म्हणून तो थांबेपर्यंत मामा खाली उतरत नसत, आणि मागच्या सीटवर मामी भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन ताटकळत बसत.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मात्र त्यांनी एकदम हात वर केला. "बाजूला घे. शिट्टी येतेय." मी गाडी थांबवली, कान दिला. काहीच नाही. एसी बंद केला, काचा वर केल्या, श्वास धरला. तरी काही नाही. "बारीक आहे," मामा म्हणाले, "सुईसारखी. गाडी पळव नाहीतर उभी कर, जागची हलत नाही. पेटीच्या अगदी शेवटच्या टोकाला जी काळी चार असते ना, बराबर तीच. तुझाच सूर आहे, वरच्या मजल्यावरचा." मला ऐकू येईना, मामींना ऐकू येईना, नवऱ्याने येऊन ऐकलं, त्यालाही ऐकू येईना. मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या गुरुवारी घरी सोडल्यावर मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "हसू नको गं," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले, ह्यांना झोप नाही. म्हणतात, आवाज गाडीत नसेल तर माझ्या कानात आहे. आणि कानातच असेल तर दुकानाला कुलूप लावावं लागेल, बिघडलेल्या कानाने लोकांच्या पेट्या कशा लावू." मामींचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

दुसऱ्याच दिवशी मी मामांना घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे स्वप्ना नावाच्या बाई गाड्यांच्या तक्रारी लिहून घेतात. चाळिशीच्या, हसतमुख, कितीही वैतागलेलं गिऱ्हाईक आलं तरी पाणी विचारणाऱ्या. त्यांनी तक्रार काय म्हणून विचारलं आणि मामांनी गंभीरपणे सांगितलं, "काली चार." स्वप्नांनी काचेतून बाहेर पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं. "गाडी तो वाइट है ना अंकुल. काली किधर है? और चार किधर हैं?" सातारकर मावशीचा पदर मला आठवला. मी मध्ये पडून समजावलं. त्यांनी कॉम्प्युटर जोडला, गाडीत बसून पाहिलं, दोन मेकॅनिकांना बसवून पाहिलं. "साउंड एमी लेदु अंकुल," त्या अगदी मायेने म्हणाल्या, आवाज काहीच नाही. "उंदम्मा," मामा म्हणाले, आहे गं बाई, पण ते म्हणताना त्यांचा हात आपसूक कानाकडे गेला. परतीच्या वाटेवर ते एकदा एक कान दाबून बघत होते, एकदा दुसरा. मी उगीच म्हटलं, "मला आला वाटतं मामा थोडासा." ते माझ्याकडे वळले. आयुष्यात ते माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा. "सुराच्या बाबतीत खोटं नाही बोलायचं, सूनबाई. बाकी काय बोलायचं ते बोल."

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, पुन्हा जाऊ. ह्या खेपेला त्यांच्यासोबत पेटी होती. ती मागे ठेवायला ते तयार नव्हते, मागे तिला धक्के बसतात म्हणे. म्हणून पेटी पुढच्या सीटवर ठेवली आणि मामा मागे बसले. गाडीने लगेच बोंब ठोकली, कारण सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही. मामांनी पुढे वाकून पेटीला पट्टा बांधला, तेव्हा कुठे गाडी गप्प झाली. "गाडी समजदार आहे," मामा खूश होऊन म्हणाले, "कोण बसलंय ते तिला मालूम आहे."

सर्व्हिस सेंटरच्या अंगणात त्यांनी पेटी मांडीवर घेतली, स्वप्नांना गाडीत शेजारी बसवलं, काचा वर करायला लावल्या आणि भाता मारून अगदी टोकाची पट्टी दाबली. "दोन पेट्या एका सुरात लावताना आम्ही काय करतो माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "सूर एकच असला तर आवाज सरळ जातो. थोडा फरक असला की मध्ये लहर उठते. आता इथे पेटी एकच आहे. लहर उठली तर दुसरा सूर कुणाचा?" आम्ही ऐकत राहिलो. आणि खरंच, त्या सरळ सुराच्या आत काहीतरी हलत होतं, वावऽ वावऽ वावऽ, पाण्यावरच्या तरंगासारखं. स्वप्नांचे डोळे मोठे झाले. मामांनी भाता सोडला, पेटी थांबली, आणि मागे बारीक, लखलखीत शिट्टी तशीच उरली. "उंदि!" स्वप्ना ओरडल्या. "उंदि अंकुल, उंदि!" मग काय, मेकॅनिक आले, मॅनेजर आले, स्वतःच्या गाडीसाठी थांबलेली दोन गिऱ्हाइकंसुद्धा आली, आणि प्रत्येकाला मामांनी ती लहर ऐकवली. बॅटरीजवळच्या एका डब्यातला लहानसा भाग गुणगुणत होता. गाडीला धोका नव्हता, भाग बाहेरून मागवावा लागणार होता, आला की फोन करू म्हणाले. मामांना त्याचं काही नव्हतं. घरी गेल्यावर मामींना त्यांनी दारातूनच सांगितलं, "गाडीतच आहे!" त्या दिवशी त्यांनी चहाचा कप पुरता संपवला.

भाग यथावकाश आला, फोनही आला. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या शिट्टीची सवय झाली होती. एकदा ऐकायला शिकल्यावर ती मला रोज ऐकू यायची, आणि गाडी माझ्याच सुरात गाते ह्याचं थोडं कौतुकही होतं. दर गुरुवारी गाडीत बसल्या बसल्या मामा बोट वर करून म्हणायचे, "आहे." मी म्हणायचे, "आहे." मग आम्ही निघायचो.

गेल्या पावसाळ्यात मामांना न्यूमोनिया झाला. बरेच दिवस इस्पितळात होते, औषधंही जबर. बरे होऊन आले ते अर्धे होऊन. पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्या हाकेला वळून बघायचे, पण ते अशक्तपणाने असेल असं आम्ही धरून चाललो. घरात पडून पडून कंटाळले, तेव्हा एका गुरुवारी मी त्यांना फिरवायला नेलं. शाल पांघरून ते पुढच्या सीटवर बसले. मी गाडी सुरू केली. शिट्टी नेहमीसारखीच स्वच्छ येत होती. मामांनी कान दिला. बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. मग ते खाली आलं.

"बंद झाली की गं," ते म्हणाले. "शेवटी बसला सूर आपोआप. नवीन वस्तू आहे, वेळ लागतो." आणि मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुला येते का ऐकू?"

शिट्टी माझ्या डोक्यात घुमत होती. मी म्हटलं, "नाही मामा. थांबली."

मग त्यांनी डॅशबोर्डवर बोटं ठेवली आणि म्हणाले, "इथे होती ना?" आणि डोळे मिटून, खालच्या सप्तकात, थकलेल्या आवाजात त्यांनी ती काळी चार लावली. वर गाडीची शिट्टी, खाली मामांचा सूर. मी लहर शोधत होते. कुठेच लहर नव्हती. निघून पहिल्या सिग्नलला थांबले तेव्हा मला रडू आलं आणि मी ते सिग्नलवर ढकललं, म्हटलं, किती वेळ लाल आहे हा.

चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. स्वप्नांनी विचारलं, इतके महिने चालवलं, आजच एवढी घाई का, आणि अंकुल कुठे आहेत? मी काहीतरी सांगितलं. दुपारपर्यंत भाग बदलून झाला. घरी येताना गाडी इतकी गप्प होती की मला करमेना. पण पुढच्या गुरुवारी मामा शाल सावरत बसले, कान दिला, आणि समाधानाने म्हणाले, "बघ. नाही ना?"

"नाही मामा," मी म्हटलं, आणि ह्या वेळी ते खरं होतं. सुराच्या बाबतीत माझे मामेसासरे आयुष्यात एकदाच चुकले, आणि तेही चारच दिवस.