म्हशीची वाट

बालाघाटला वैनगंगेचा काठ पुरात ढासळू नये म्हणून सिमेंटचे ठोकळे बसवत होते. आमच्या शेजारचे भाऊ तिथे मुकादम होते. एका ठोकळ्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसली की ते त्यावर उडी मारून पाहत. त्यांना सारं चालायचं, फट चालायची नाही. "फट राह्यली का पानी घुसते, मंग सारं गेलं समजा!" मजुरांना हेच, धुणं घेऊन येणाऱ्या बायांनाही हेच.

फक्त पिंपळाखाली त्यांनी बैलगाडी जाईल एवढी जागा कच्ची सोडली होती.

मी विचारलं, "भाऊ, इथं काहून नाही बसवले?"

"ठोकळ्यावर म्हैस घसरते नं, बाबू. गाभण हाय माही."

पुरात काठ नेमका तिथेच फुटला. पिंपळही गेला. भाऊ छत्री घेऊन पाहायला आले, उरलेले ठोकळे पायाने दाबून बघितले आणि छाती काढून म्हणाले, "पाह्य, माहा एक बी ठोकळा हालला नाही!"

ते मात्र खरं होतं.

हिवाळ्यात दुरुस्ती निघाली. मुकादम पुन्हा भाऊच. या वेळी त्यांनी कच्ची जागा दुप्पट रुंद सोडली. म्हशीमागे आता वगारही होती.